चुकण्याची जागा

गणपतीला चार दिवस होते. पाऊस थांबायला तयार नव्हता. मुंबईत माथाडी कामाला असलेले आमच्या वाडीचे पाच-सहा तरुण एसटीतून उतरले आणि घरी न जाता थेट शाळेच्या ओसरीवर आले. त्यांच्यापाशी खताच्या रिकाम्या पोत्यात नीट गुंडाळलेले एक खोके होते. त्यातून पाच टॅब निघाले. आपण शिकलो त्या शाळेला काहीतरी द्यावे, म्हणून त्यांनी वर्गणी काढून ते घेतले होते. आमच्या बाईंनी त्यांना हळदकुंकू लावले, एकाने नारळ फोडला, आणि खोबऱ्याचे तुकडे चघळत चोवीस मुले त्या पाच काळ्या पाट्यांकडे टक लावून पाहत राहिली. ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्या पाट्यांनी मुलांना काय काय शिकवले, हे सांगण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. त्यांच्या निमित्ताने एका आठ वर्षांच्या मुलीचा माझ्यावरचा विश्वास एका सकाळी उडाला. तसे होण्यात चूक कुणाची, याचा विचार मी अजूनही करतो आहे. तो विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे. मुलगी तिसरीत होती. तिचे नाव मी सांगणार नाही. त्या टॅबमधल्या गणिताच्या खेळात प्रत्येक मुलाला ओळखीसाठी एकेक चित्र दिलेले असते. कुणाला बैल, कुणाला फुलपाखरू. तिला मोर मिळाला होता. तेव्हा आपण तिला मोरवाली म्हणू.

शहरातल्या वाचकांना दोनशिक्षकी शाळा म्हणजे काय, याची कल्पना असेलच असे नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर, दोन वाड्यांत मिळून ही एक शाळा. दोन खोल्या, एक ओसरी, मागे खिचडी शिजवायची शेड. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझी मुले त्या वर्षी अकरा होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. आता हिशेब करून पाहा. मी चौथीला भागाकार शिकवत असतो तेव्हा तिसरी वाट पाहते. तिसरीला कविता शिकवत असतो तेव्हा चौथी खिडकीतून म्हशी मोजते. चार तासांचे दोन झाले. त्यांतून हजेरी, वरून तातडीने मागितलेली माहिती, कुणाची आई, कुणाचा ताप हे वजा करा. उरलेला वेळ अकरा जणांत वाटला, तर एकेका मुलाच्या शेजारी बसून त्याच्या पाटीत डोकावायला मला पाच-सात मिनिटे मिळतात. मी आळशी आहे म्हणून नव्हे. गणितच तसे आहे.

म्हणून टॅब आले तेव्हा मला आनंद झाला, हे मी प्रथमच कबूल करतो. यंत्र आले म्हणजे माणूस गेला, अशी हाकाटी करणाऱ्यांतला मी नाही. त्यांनी एकदा पावसाळ्यात येऊन दोन वर्ग एकदम सांभाळून दाखवावेत! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीसारख्या लहानशा गावातल्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, त्यांच्या कामाला २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. ही बातमी आमच्या वाडीतही टाळ्या वाजवून ऐकली गेली होती. साधन लहान शाळेत जाऊन वाया जाते, हे खरे नाही. उलट जिथे हात कमी, तिथेच साधनाला किंमत.

नवी साधने खेड्यातल्या शाळेत येण्याची ही पहिली वेळही नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन आपल्या देशाने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवले होते. शेजारच्या कर्नाटकातही ते आले होते. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम असत. पुढे २००४ साली केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा आपला उपग्रह आकाशात गेला. या साऱ्या साधनांत एक गोष्ट मात्र समान होती. ती बोलत, मुले ऐकत. पुढ्यात बसलेल्या पोराला डुलकी लागली काय किंवा ते रडकुंडीला आले काय, त्या पेटीला त्याचा पत्ता नसे. आमच्या ओसरीवर आलेली पाटी निराळी होती. ती मुलाला प्रश्न विचारत होती आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत होती. वाट पाहणारी वस्तू मुलाला सजीव वाटू लागते. मोठ्यांनाही वाटते, मग मुलांची काय कथा?

आता मोरवालीकडे वळतो. ती हुशार नव्हती आणि मठ्ठही नव्हती. वर्गात अशी मुले पुष्कळ असतात, आणि शिक्षकाची सर्वांत कमी मिनिटे त्यांच्याच वाट्याला येतात. तिचे घोडे अडले होते हातच्याच्या वजाबाकीपाशी. बावन्नातून सत्तावीस गेले, की तिच्या पाटीवर पस्तीस उमटत. चाळीसातून सोळा गेले, की छत्तीस. मी फळ्यापाशी जाई, दशक सुटा करून दाखवी, विचारी, "समजलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "समजलं!" त्या सुरात तिचाही सूर असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पस्तीस.

मी मुलांना मारत नाही. कायद्याने मारता येत नाही म्हणून नव्हे. मी लहानपणी जो मार खाल्ला त्याची चव मला आठवते म्हणून. पण मारण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. "अगं, कालच सांगितलं ना!" हे वाक्य मी त्या वर्षी तिला किती वेळा म्हणालो असेन, देव जाणे. त्या वाक्यात शिवी नाही, अपशब्द नाही. त्यात एक उसासा मात्र असतो. आणि तो उसासा सगळ्या वर्गाला ऐकू जातो. त्याच कायद्यात शारीरिक शिक्षेच्या बरोबरीने मानसिक छळालाही मनाई आहे. उसाशाचा समावेश त्यात होतो की नाही, हे मला कुणी सांगितलेले नाही. पण त्याने मान खाली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

टॅब आल्यावर महिन्याभरात माझ्या लक्षात आले, की मधल्या सुट्टीत ही मुलगी खेळायला जात नाही. खिचडी खाऊन, हात फ्रॉकला पुसून, शेडच्या मागच्या पायरीवर टॅब मांडीवर घेऊन बसते. एकदा मी सहज विचारले,

"काय गं, लंगडी सोडून हे काय? एवढं आवडतं का तुला हे?"

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "त्यो वरडत न्हाई, गुरुजी." मग क्षणभर थांबून, "आन् बगत बी न्हाई."

पहिल्या वाक्याने मला वाईट वाटले. ते साहजिक होते. बावीस वर्षे शिकवून झाल्यावर एका काचेच्या तुकड्याशी आपली तुलना व्हावी आणि त्यात आपण हरावे, हे कुणाला आवडेल? मी मनाची समजूतही लगेच घातली. म्हटले, यंत्राला राग येत नाही यात यंत्राचा मोठेपणा कसला? ज्याला दम लागत नाही, त्याने डोंगर चढण्यात पराक्रम काय? माझ्या धीराला किंमत आहे, कारण तो सुटू शकतो. हा युक्तिवाद मला फार पटला, आणि अजूनही तो चूक आहे असे मला वाटत नाही. पण त्याचा त्या मुलीला काडीचाही उपयोग नव्हता. माझा धीर मौल्यवान होता खरा. पण तिच्या वाट्याला तो सुटलेल्या अवस्थेतच येत होता.

तिच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मात्र मला तेव्हा कळला नाही. 'तो बघत नाही.' या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते.

चूक करताना आपल्याला कुणी पाहू नये, ही इच्छा फार जुनी आहे. आणि शिकण्याच्या साधनांचा इतिहास पाहिला तर तिची सोय आपल्या पूर्वजांनी नकळत करून ठेवली होती असे दिसते. पूर्वी मुले धूळपाटीवर शिकत. फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरायची, तीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, चुकले की हात फिरवायचा. आपल्याकडच्या गणिताला पाटीगणित हे नाव या पाटीवरूनच पडले; त्याला धूलिकर्म असेही म्हणत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेली लीलावती ही या पाटीगणिताचीच पोथी. ज्या हिशेबांनी ग्रहणे वर्तवली गेली, ते हिशेब कधीतरी धुळीत चुकले असतील आणि पुसले गेले असतील. त्या चुका आज कुणालाही ठाऊक नाहीत. धुळीला आठवण नसते.

धूळपाटी गेली आणि दगडी पाटी आली. तिच्यावरची चूकही थुंकीने पुसता येई. मग वही आली, आणि वहीबरोबर लाल शाई आली. वहीला आठवण असते. जूनमधली चूक मार्चमध्ये पाहता येते. आईबापांना दाखवता येते. मी वहीचा निषेध करत नाही. वहीवाचून प्रगती दिसत नाही. पोथीवर डोळे ठेवून म्हणणाऱ्या लिखितपाठकाला पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांच्या यादीत बसवले आहे. लेखनही एके काळी नवे साधन होते आणि त्यालाही अशी नाके मुरडून घ्यावी लागली. तसे नाक मुरडण्याची माझी इच्छा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की प्रत्येक साधन चुकीशी निराळ्या रीतीने वागते. काही साधने ती विसरतात, काही लक्षात ठेवतात. आणि मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. कच्च्या वहीत धडाधड गणिते सोडवणारे पोर पक्की वही उघडली की पेन्सिल चावत बसते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

मोरवालीने त्या टॅबला धूळपाटी समजले होते. उत्तर चुकले की पडद्यावरची माकडे मान हलवत, 'पुन्हा करून बघ' असे शब्द येत आणि पडदा कोरा होई. कुणी पाहिले नाही, कुणी उसासा टाकला नाही. चूक धुळीत गेली. असे तिला वाटत होते.

प्रत्यक्षात त्या खेळात शिक्षकासाठी एक पान होते. सांकेतिक शब्द टाकला की ते उघडे. प्रत्येक चित्रापुढे तारीख, वेळ, कोणते गणित, काय उत्तर दिले, किती वेळा चुकले, सगळे मांडलेले. ते पान मी दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रथम उघडले, आणि मोरापुढचा आकडा पाहून थक्क झालो. दोन महिन्यांत या मुलीने एकट्या हातच्याच्या वजाबाकीवर जेवढे हात मारले होते, तेवढे अख्ख्या चौथीने मिळून मारले नव्हते. सकाळी परिपाठाच्या आधी, मधल्या सुट्टीत, बाहेर पाऊस असताना. चूक, चूक, चूक. आणि मग शेवटच्या आठवड्यात एके दिवशी बरोबर. पुन्हा बरोबर. ओळीने नऊ बरोबर.

माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर मी तिला सगळ्या शाळेपुढे उभे केले. म्हणालो, "मुलांनो, चिकाटी कशाला म्हणतात ते हिच्याकडून शिका. ही एवढ्या वेळा चुकली," आणि मी तो आकडा मोठ्याने सांगितला, "पण हिने सोडलं नाही! वाजवा टाळ्या."

टाळ्या झाल्या. पण त्यांच्या आधी एक हसू फुटले होते. ते टाळ्यांचे नव्हते, आकड्याचे होते. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर लाज असती तर मी समजू शकलो असतो. तिथे आश्चर्य होते. तिने अगदी हळू विचारले,

"मोरानं तुमास्नी सांगितलं?"

त्या दिवसापासून तिने टॅबला हात लावला नाही. माझ्याशीही ती विचारल्याखेरीज बोलेनाशी झाली. पाटीवर हात आडवा धरून गणित करू लागली, म्हणजे शेजारणीलाही दिसू नये. नऊ वेळा बरोबर आलेली वजाबाकी पुन्हा चुकू लागली.

आता प्रश्न असा, की मी काय चुकलो? मी रागावलो नव्हतो, उसासा टाकला नव्हता; मी तर तिचे कौतुक केले होते.

माझी पहिली समजूत अशी झाली, की ते पान पाहणे हीच चूक. दुसऱ्याची चिठ्ठी फोडून वाचावी, तसे ते होते. ही समजूत मनाला बरी वाटते, कारण ती आपल्याला एकदम शिक्षा देऊन मोकळी करते. पण ती टिकत नाही. त्या पानावर नुसता चुकांचा आकडा नव्हता. चुकांची जातही होती. बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस. चाळीस वजा सोळा, छत्तीस. एकसष्ट वजा अठ्ठेचाळीस, सत्तावीस. ही मुलगी अंदाजाने ठोकत नव्हती. वरचा आकडा असो की खालचा, लहानातून मोठा जात नाही म्हणून ती दर वेळी मोठ्यातून लहान काढत होती. म्हणजे तिच्यापाशी एक नियम होता. तो चुकीचा होता, पण ती तो इमानाने पाळत होती. सहा महिने तिच्या पाटीत डोकावून मला हे दिसले नव्हते. मला 'चूक' एवढेच दिसले होते. ते पान मी आधीच उघडले असते, काड्यांचा एक गठ्ठा घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसलो असतो, तर तिचे दोन महिने वाचले असते. वैद्याने नाडी पाहायची नाही, असे म्हणून कसे चालेल? तेव्हा पाहणे हा गुन्हा नव्हे. पाहिले नाही, हाच गुन्हा ठरण्याचा संभव अधिक.

मग चूक आकडा चारचौघांत सांगण्यात होती काय? होती खचित. वैद्याने नाडी पाहावी. पारावर बसून ती वाचून दाखवू नये. कौतुक करायचे म्हणून का होईना, दुसऱ्याचे अपयश त्याला न विचारता उघडे करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आपण मोठी माणसे मुलांच्या बाबतीत हा अधिकार गृहीतच धरतो. पाहुण्यांपुढे पोराच्या फजितीच्या गोष्टी सांगतो आणि ते रडले तर म्हणतो, "गंमत केली रे!" पण एवढ्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. 'सगळ्यांना का सांगितलंत?' असे तिने विचारले नव्हते. 'मोराने तुम्हाला सांगितले का?' असे तिने विचारले होते.

पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की माझा खरा अपराध त्या सकाळच्या आधी दोन महिने घडला होता. ती पायरीवर बसून 'तो बघत नाही' म्हणाली, तेव्हाच तो घडला. तो बघतो, हे मला ठाऊक होते. शिक्षकाचे पान असते, हे मला पहिल्याच दिवशी सांगितले गेले होते. आणि तरी मी गप्प बसलो. मुद्दाम नव्हे, एवढ्याशा पोरीला हे काय सांगायचे, असे मला वाटले. ती एकटी आहे असे समजून चुकत होती आणि ती एकटी नव्हती. यंत्राने तिचा विश्वासघात केला नाही. यंत्राला विश्वासही कळत नाही आणि घातही कळत नाही. यंत्राच्या आड उभा राहून मी तिला पाहत होतो, किंवा केव्हाही पाहू शकत होतो, आणि हे तिला सांगण्याची मला गरज वाटली नव्हती.

शिक्षकाने मुलाची चूक पाहावीच. पण मुलासमोर उभे राहून पाहावी. मी पाहतो आहे हे त्याला कळले पाहिजे. म्हणजे मी कसा पाहतो आहे, हेही त्याला पाहता येते. माझ्या कपाळावरची आठी त्याला दिसते तशी ती गेलेलीही दिसते. चुकताना पाहिले आणि तरीही उठून गेला नाही, असा एक माणूस प्रत्येकाच्या आयुष्यात असावा लागतो. आणि त्याबरोबरच कुणीही पाहत नाही अशी एक जागाही असावी लागते. या दोन गरजा वेगळ्या आहेत. शेडमागच्या पायरीवर मोरवाली दुसरी गरज भागवत होती. मी तिला न विचारता ती जागा काढून घेतली आणि मोबदल्यात टाळ्या दिल्या.

२०२३ साली आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आईबापांची संमती घ्यावी, असे त्याचे सूत्र आहे. कायदे असावेत. पण आमच्या वाडीतले आईबाप गुरुजींनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर विश्वासाने सही करतात. त्या सहीने कायद्याचे समाधान होईल. मोरवालीचे झाले असते असे मला वाटत नाही. कायदा बापाला विचारतो. चूक मात्र मुलाची असते.

पुढे मी काय केले, ते थोडक्यात सांगतो. त्यात बढाई मारण्यासारखे काही नाही. एके शनिवारी मी तिसरी-चौथीच्या मुलांना गोल करून बसवले आणि ते शिक्षकाचे पान त्यांच्यासमोर उघडले. मुलांचे नव्हे, माझे. मी स्वतःच एका चित्राने खेळून मुद्दाम चुकलो होतो. हे बघा, म्हटले, टॅब सगळे लिहून ठेवतो आणि ते मला वाचता येते. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवे होते. सांगितले नाही, ही माझी चूक. मग त्यांना दाखवले, की एक 'पाहुणा' नावाचे चित्र आहे. त्याने खेळले तर कुणाच्याच नावावर काही लिहिले जात नाही. ज्याला मला दाखवायचे असेल त्याने आपल्या चित्राने खेळावे, ज्याला नसेल त्याने पाहुणा व्हावे. आणि पत्र्याच्या एका पसरट ताटात ओढ्याची बारीक वाळू भरून ती पायरीवर ठेवली.

याची किंमत मोजावी लागली. पुष्कळ मुले पाहुणे झाली. ती कुठे अडतात ते मला पानावरून कळेनासे झाले. पुन्हा पाटीत डोकावणे आले, पुन्हा ती पाच-सात मिनिटे आली. वरून विचारणा झाली, की तुमच्या शाळेच्या नोंदी एकदम कमी कशा दिसतात. मी खरे ते लिहून पाठवले. त्यावर जे उत्तर आले ते इथे सांगण्यासारखे नाही. बाईंचेही मत माझ्याविरुद्ध होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या मनाची टोचणी जावी म्हणून मुलांची वजाबाकी कच्ची राहायची." हे वाक्य मला रात्री-अपरात्री आठवते. त्या अगदीच चूक म्हणत होत्या असे नाही. दोन-तीन मुले पाहुणेपणात आळशी झाली, हे मी पाहिले. आणि आता तर मराठीतून बोलणारी, मुलाने विचारले त्याला उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. मुले त्यांच्याशी गणितच नव्हे, घरचेही बोलतील. ती कुठे लिहून ठेवले जाते आणि कोण वाचते, हे उद्या मलाही ठाऊक नसेल. मग मी मुलांना काय सांगणार? 'मला ठाऊक नाही' एवढे तरी सांगितले पाहिजे, असे मला वाटते.

मोरवालीने पुन्हा टॅब घेतला नाही. वाळूचे ताट मात्र तिने घेतले. होळीच्या सुमारास एके दुपारी मी चौथीला शिकवत असताना ती पाटी घेऊन माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. हात आडवा धरलेला नव्हता. पाटीवर तीन आकडी वजाबाकी होती आणि ती चुकली होती. ती म्हणाली, "हितं काय हुतंय ते कळंना." मी उसासा टाकला नाही. बावीस वर्षांत जमले नाही ते त्या दिवशी जमले. रोज जमते असे म्हणणार नाही.

ती आता खालच्या गावच्या शाळेत सहावीत आहे. मी कादंबऱ्याही लिहितो. लिहिणाऱ्या माणसाचे आणि त्या शिक्षकाच्या पानाचे फारसे वेगळे नसते. तोही न सांगता पाहतो आणि लिहून ठेवतो. म्हणून हा लेख हाती घेण्यापूर्वी मी तिच्या घरी गेलो. तिची आई अंगणात भात वारवत होती. ती म्हणाली, "लिवा की गुरुजी, त्यात काय इच्यारायचं?" मी म्हटले, तुम्हाला नाही, हिला विचारायला आलो आहे. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बराच वेळ तिने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग विचारले,

"किती येळा चुकलं, त्ये बी लिवनार?"

"नाही."

"मग लिवा."

तो आकडा मला अजून पाठ आहे. मी तो इथे लिहिलेला नाही.